लॉन्ड्रीच्या पिकअपचा चिरलेला पाइप

१

पिकअपचं इंजिन पुलाच्या मधोमध मेलं. मरताना ते असं किंचाळलं की नदीतल्या माशांनी पाण्याबाहेर माना काढून बघितलं, असं लोक सांगतात. लोक म्हणजे मुख्यतः मी. पण माशांना विचारायला गेलं कोण?

मागे हौद्यात हॉटेलच्या चादरी होत्या. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, घडीची धार अशी की बोट कापावं. गाडीखालून उडालेलं तेल मागच्या फळीच्या फटीतून आत शिरलं आणि खालच्या सगळ्या गठ्ठ्यांना काळे शिंतोडे बसले. गाडी दोरीने ओढत लॉन्ड्रीच्या अंगणात आणली गेली. लॉन्ड्रीची मालकीण ताई. तिने पदर खोचला आणि कुणाची वाट न बघता स्वतः गाडीखाली शिरली. बाहेर आली तेव्हा कपाळावर काजळासारखं तेल होतं आणि हातात हातभर लांबीचा रबरी पाइप. त्या पाइपाला लांबीच्या दिशेने एक सरळ चीर.

"ब्लेडने चिरलाय," ती म्हणाली, आणि समोर उभ्या असलेल्या आपल्या भावाकडे बघून, "संध्याकाळच्या आत घर सोडायचं. तुझं तोंड मला बघायचं नाही."

भाऊ म्हणजे छोटू. चाळिशी कधीच ओलांडली, डोक्यावर केसांपेक्षा आठवणी जास्त, पण ताईच्या घरात तो छोटूच. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलं आणि पिकअपही तोच चालवायचा. तो वळला. आत गेला आणि पलंगाखालची पेटी ओढून बाहेर काढली.

ताईने तो पाइप एका ताटात ठेवला, वर रुमाल झाकला आणि पंचनाम्याला बोलावणं धाडलं.

पंचनामे हे त्याचं आडनाव नव्हे. विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासण्यात त्याचा जन्म गेला, म्हणून लोकांनी त्याला हे नाव दिलं आणि त्याने कंटाळून ते घेतलं. तो सगळंच कंटाळून घ्यायचा. सकाळी उठायचा तोसुद्धा असा, की दुसऱ्या कुणाच्या वतीने उठतोय. माझ्या घरातला पंखा बिघडला होता, म्हणून मीही त्याच्याबरोबर निघालो.

"काका, फक्त एवढंच सांगा की हा चिरलाय," ताई म्हणाली. "कुणी, ते मला माहीत आहे."

"मग मला कशाला उठवलंत?"

"तो उद्या चार लोकांत म्हणेल, बहिणीने उगाच आळ घेतला. तुम्ही सांगितलंत की म्हणणार नाही."

पंचनाम्याने रुमाल उचलला. पाइप नाकाजवळ नेला, दोन बोटांत दाबला, बोटं बघितली. मग पाइपावरून अंगठा फिरवत राहिला, म्हाताऱ्या मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ताई," तो म्हणाला, "हा पाइप या गाडीचा नाहीच."

२

तुमच्यापैकी ज्यांनी गाडीच्या पोटात डोकं घातलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनातलं तेल तापतं. ते एका पाइपातून पुढच्या जाळीमागे बसवलेल्या छोट्या कूलरमध्ये जातं, वारं खाऊन थंड होतं आणि दुसऱ्या पाइपातून घरी परततं. यातला कुठलाही पाइप फुटला की तेल रस्त्यावर आणि इंजिन कोरडं. कोरडं इंजिन पाण्यावाचून राहिलेल्या माणसापेक्षा लवकर मरतं आणि जास्त आरडाओरडा करतं.

"गाडीचा कसा असेल? बदललाय तो," ताई म्हणाली. "मूळचा पाइप जोडापाशी पाझरत होता. खाली थेंब पडायचे. म्हणून दुरुस्ती झाली."

"कधी?"

"झाले थोडे दिवस. पंधरवडासुद्धा नाही. काका, कधी बसवला नि कसा बसवला ते राहू द्या. चिरला कुणी ते बघा. गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापायला त्याच्या खिशात ब्लेड असतं. चोवीस तास."

"आणि कारण?"

ताईने खुर्ची ओढली, पण बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "लांबच्या मोठ्या गाड्यांची कंपनी आहे ना, त्यांना ड्रायव्हर हवेत. ह्याला जायचंय. गेलं वर्षभर डोक्यात तेच. मी म्हटलं, पिकअप कोण चालवणार? हॉटेलांची पोचवणी कोण करणार? तर म्हणाला, गाडीच नसती तर बरं झालं असतं." तिचा आवाज जरा खाली आला. "आता नाहीये गाडी."

पंचनाम्याने गुडघे धरत, देवाचं नाव न घेता इतर बरंच काही घेत, गाडीच्या पुढच्या बाजूला बैठक मारली. मीही वाकलो. इंजिनाकडून आलेल्या लोखंडी नळीच्या तोंडावर ताईने कापून काढल्यावर पाइपाचं उरलेलं बूड अजून घट्ट बसलेलं होतं. त्याला आवळून धरणारे, एक सोडून दोन क्लॅम्प. एकाचा बोल्ट डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे. आणि क्लॅम्पच्या खाली, रबर कापलं जाऊ नये म्हणून, पांढऱ्या कापडाची घडी घातलेली पट्टी. तेलाने काळी पडली होती, पण घडी मोडली नव्हती.

"काम सुंदर आहे," तो पुटपुटला.

"असणारच," ताई पटकन म्हणाली, आणि मग खुर्ची जागेवर ठेवायला निघून गेली.

३

छोटूच्या खोलीत पेटी उघडी होती आणि तिच्यात एकच शर्ट होता. तो शर्ट तो घालत-काढत होता, म्हणजे पेटीत. माणसाला जायचं नसलं की पेटी भरत नाही.

"बसा," तो म्हणाला. "तिने पाठवलंय ना? काय विचारायचंय ते विचारा. मी दमलोय."

"मी पण," पंचनामे म्हणाला आणि पलंगावर टेकला. "तेलाचा लाल दिवा लागला तेव्हा गाडी थांबवली का नाहीस?"

"पुलावर? मागे बस, समोरून ट्रक, कडेला पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं पूल उतरू. गाडी म्हणाली, तू उतर, मी इथेच राहते."

"पाइप तू चिरलास?"

छोटू हसला. त्या हसण्यात काही राहिलं नव्हतं. "काका, मला गाडी बंद पाडायची असती तर टायर चिरला असता. टायरला उभ्याने चिरता येतं. त्या कूलरच्या पाइपासाठी गाडीखाली उताणं झोपावं लागतं. माझी पाठ बघितलीय का तुम्ही?"

"तो पाइप बसवला कुणी?"

"गॅरेजवाल्या उस्तादने. दुसरा कोण बसवणार? ताईच म्हणाली, काम झालंय, गाडी काढ. मी काढली."

"तू स्वतः बघितलंस उस्तादला?"

"नाही." त्याने शर्ट पेटीत टाकला. "सकाळी उठलो तेव्हा झालेलं होतं. खरं सांगू? मला वाईट वाटलं. आदल्या दिवशी उस्ताद म्हणाला होता, पाइपाची नवी लाइन मागवायला लागेल, तोवर गाडी उभी ठेवा. मी ताईला म्हटलं, गाडी उभी आहे तेवढ्या दिवसांत कंपनीत जाऊन चाचणी देऊन येतो. ती काही बोलली नाही. आणि सकाळी बघतो तर गाडी चालू. त्यानंतर एक दिवस सुट्टी नाही."

"लॉन्ड्रीच्या आत जातोस कधी? वाफेच्या मशिनींकडे?"

"त्या वाफेने अंगावर पुरळ उठतं माझ्या. दारातूनच गठ्ठे घेतो." छोटूने तो शर्ट पुन्हा पेटीतून बाहेर काढला. "काका, ती मला चोर समजते याचं काही नाही. लहानपणापासून समजते, बिस्किटांच्या डब्यामुळे. पण मी तिचं नुकसान करीन असं तिला वाटलंच कसं?"

पंचनामे पलंगावरून उठला. बाहेर पडताना त्याने मला विचारलं, "उस्ताद इथून किती लांब आहे?"

"चालत जवळ."

"अरेरे," तो म्हणाला.

४

उस्ताद गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत बुडालेला होता. त्याच्याशी बोलायचं म्हणजे त्याच्या पाठीशीच बोलायचं. लग्नातही त्याने सासऱ्याशी तसंच बोलणं केलं, असं ऐकून आहे.

"लॉन्ड्रीची पिकअप?" पाठ म्हणाली. "तिचं नाव काढू नका. मी सांगितलं होतं, ऑइल कूलरची लाइन जिथे रबर लोखंडात दाबलंय तिथे पाझरतेय. ती आवळून थांबत नाही, अख्खी बदलावी लागते. माल यायला वेळ लागेल, तोवर गाडी हलवू नका. ताई म्हणाली, बघू. मग आलीच नाही."

"म्हणजे लाइन तू बदलली नाहीस?"

उस्ताद पहिल्यांदाच बाहेर आला. चेहऱ्यावर ग्रीस आणि राग यांच्यात कुठे एक संपतं आणि दुसरं सुरू होतं ते कळत नव्हतं. "अख्खी गल्ली सकाळपासून म्हणतेय, उस्तादने कच्चं काम केलं. एक गिऱ्हाईक दारातून परत गेलं. अहो, मी त्या गाडीला हात लावलेला नाही!"

पंचनाम्याने त्याला जोडावरचे दोन क्लॅम्प आणि त्यांच्याखालची पट्टी सांगितली. उस्तादने ऐकलं आणि नाक उडवलं.

"दोन दोन? मी एक लावतो आणि गिऱ्हाइकाला नमस्कार करतो. दोन लावायला मी काय बॉयलर बसवतोय?"

पंचनामे तिथेच उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, उभ्या उभ्या झोपला. मग म्हणाला, "चल. परत चालावं लागणार."

"कुठे?"

"जिथून निघालो तिथेच. मेलं नशीब."

५

लॉन्ड्रीच्या मागच्या खोलीत बॉयलर होता आणि बॉयलरशेजारी वाफेकाका. दोघांचं वय साधारण सारखं आणि दोघेही सारखेच सुस्कारे टाकायचे. आत इतकी गरमी होती की माझी सावली घाम पुसत होती.

बॉयलरकडून इस्त्रीच्या मशिनींकडे काळे पाइप गेलेले. पंचनाम्याने एकावर अंगठा फिरवला, सकाळी ताटातल्या पाइपावर फिरवला होता तसाच. मग माझा हात धरून माझाही अंगठा फिरवला. रबरावर कापडाची वीण उमटलेली होती. प्रत्येक जोडाला दोन क्लॅम्प, बोल्ट एकमेकांकडे पाठ फिरवलेले. खाली चादरीच्या पांढऱ्या कापडाची पट्टी.

कोपऱ्यात नव्या पाइपाचं वेटोळं टांगलेलं होतं. त्याचं टोक ताजं कापलेलं.

मी वाफेकाकांकडे बघितलं. ते बॉयलरकडे बघत होते. मला तर सगळं उलगडलं. पाइप याच्या ताब्यातला, काम याच्या पद्धतीचं. आता याने तोंड उघडावं, की आपण घरी जाऊ.

"वेटोळ्यातला तुकडा कमी झालाय ना?" पंचनाम्याने विचारलं.

"झालाय."

"तुम्ही कापलात?"

"नाही."

"मग कुणाला सांगितलंत का नाही?"

"मला कुणी विचारलं?" वाफेकाका म्हणाले. "आणि सांगायचं कुणाला? इथे सांगायला वर आहे कोण!"

पंचनाम्याने भिंतीवरचा पान्हा उतरवला आणि त्यांच्यापुढे केला. "तो तिथला जोड सैल दिसतोय. जरा आवळता?"

वाफेकाकांनी हात पुढे केला. बोटं सांध्यांपाशी गाजरांसारखी सुजलेली. पान्हा हातात आला, पण मूठ मिटेना. त्यांनी तो तसाच परत दिला.

"केव्हाची गोष्ट झाली ती," ते म्हणाले. "आता आवळायचं काम माझं नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन कुणीतरी आवळून जातं. मीच शिकवलंय, तिच्या परकरपोलक्याच्या वयात. माझ्यापेक्षा पक्कं आवळते."

आणि मग त्या म्हाताऱ्याला आपण काय बोललो ते कळलं. तो बॉयलरच्या काट्याकडे वळला, जणू काटा रडतोय आणि त्याला गप्प करायचंय.

६

ताई इस्त्रीच्या मशीनपाशी शिंतोडे उडालेल्या चादरी वेगळ्या करत होती. पंचनाम्याने कामावरच्या बायकांना चहाला पाठवलं. मला पाठवलं नाही, म्हणजे मी गेलो नाही.

"कळलं?" तिने विचारलं.

"कळलं. बसा."

"उभी बरी आहे."

"मी बसतो मग." तो चादरींच्या गठ्ठ्यावर बसला. एका हातात फुटलेला पाइप, दुसऱ्या हातात वेटोळ्यातून कापून आणलेला नवा तुकडा. "दोन्ही दाबून बघा."

तिने नवा दाबला. दगडासारखा. जुना दाबला, तर बोट आत रुतलं आणि काळं होऊन बाहेर आलं.

"ब्लेडने कापलेल्या रबराची कड धारदार असते," पंचनामे म्हणाला, "आणि आतलं रबर जसंच्या तसं राहतं. हा सगळाच फुगलाय, आतून बाहेरून, मळलेल्या कणकेसारखा. हा कुणी चिरला नाही. फुगत फुगत गेला आणि दाब आला तेव्हा उसवला. हा वाफेचा पाइप आहे, ताई. वाफेला याच्यासारखा वीर नाही. उकळतं पाणी, दाब, काही घाला, वर्षानुवर्षं हलत नाही. पण याला तेल चालत नाही. तेल लागलं की हा ते पीत जातो आणि सडतो. उस्तादला हे ठाऊक आहे, म्हणून तो असा पाइप कधीच बसवणार नाही. छोटू आत येतच नाही, त्याला दोन क्लॅम्प आणि पट्टीची रीत ठाऊक नाही. वाफेकाकांची मूठ मिटत नाही. असा पाइप तोच माणूस बसवेल ज्याचा जन्मभर वाफेशी संबंध आला, आणि ज्याला वाटतं की जे वाफेला टिकतं ते जगात कशालाही टिकेल."

मशीनमधून वाफेचा एक फूत्कार आला. ताईने न बघताच व्हॉल्व्ह फिरवून तो बंद केला. मग स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"जोड गळला?" तिने विचारलं.

"काय?"

"माझा जोड. गळला का?"

"नाही. क्लॅम्प अजून लोखंडाला चावून बसलेत. जोड आयुष्यभर गळला नसता."

"वेटोळ्यातला सगळ्यात चांगला भाग कापला होता मी," ती म्हणाली. "मधला. टोकाचा नाही घेतला."

ती आता बसली. माझ्या आठवणीत ताईला मी बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो. खुर्चीलाही सवय नव्हती, ती करकरली.

"गाडी उभी राहिली असती तर तो चाचणीला गेला असता," ती म्हणाली. "पास झाला असता. गाडी उत्तम चालवतो तो. म्हणून पहाटे उठून बसवला. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, एवढी घाई कशाला. आणि फुटला तेव्हा..." तिने काळं झालेलं बोट पदराला पुसलं. "माझ्या हातचं फुटणार नाही, हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, काका, की मग फोडणारा कुणीतरी लागलाच ना."

"लागतोच," पंचनामे म्हणाला. "जन्मभर हेच बघत आलोय. गाडी आपटते, आणि पहिल्यांदा माणूस दुसरा माणूस शोधतो." त्याने गुडघ्यावर हात टेकले. "छोटूला मी सांगू?"

"नको." ती उठली. "अंगणात सगळ्यांसमोर बोलले होते ना. सगळ्यांसमोरच सांगते."

७

तिने सांगितलं. चहाला गेलेल्या बायका कप हातात धरून उभ्या होत्या, वाफेकाका दाराच्या चौकटीला टेकले होते. उस्तादलाही तिने निरोप पाठवून बोलावून घेतलं होतं आणि तो हात पुसत आला होता. तिने फिरवून-वळवून काही सांगितलं नाही. पाइप मी बसवला, चुकीचा बसवला, का बसवला तेही ऐका. उस्तादवर बोल आला तो माझ्यामुळे. छोटूवर आळ घेतला तो मी. एवढं बोलून ती पायाखालच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिली.

छोटू पेटी घेऊन पायरीवर उभा होता.

"माफ कर म्हण की," एक बाई मागून कुजबुजली.

"म्हणतेय ना! थांब जरा!" ताई तिच्यावर खेकसली. मग छोटूकडे वळली. "चुकले मी."

"बरं," छोटू म्हणाला. पेटी दुसऱ्या हातात घेऊन म्हणाला, "ताई, तरी मी जाणार आहे."

"माहीत आहे."

"रागावून नाही."

"माहीत आहे म्हटलं ना. कानात वाफ गेलीय का तुझ्या?" तिने पदराने कपाळावरचं तेल पुसायचा प्रयत्न केला आणि ते आणखी पसरलं. "उस्ताद, इंजिन उघडायला किती वेळ?"

"उघडायला वेळ नाही. उघडल्यावर काय दिसेल त्याला वेळ," उस्ताद म्हणाला. "आणि या खेपेला लाइन मी बसवणार."

"बसव. एकच क्लॅम्प लाव आणि नमस्कार कर."

उस्तादने पंचनाम्याकडे रागाने बघितलं. पंचनामे आकाशाकडे बघत होता.

लोक पांगले. आम्हीही निघालो होतो, पण पंचनाम्याचा गुडघा फाटकापाशी अडून बसला, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. ताई पिकअपच्या दारापाशी गेली आणि ते उघडलं. ड्रायव्हरच्या बाजूचं.

"ये इकडे," तिने छोटूला हाक मारली. "जायच्या आधी मला शिकव."

"काय?"

"गाडी."

"तुला?" छोटूच्या हातातली पेटी खाली टेकली. "तू रिव्हर्स घेताना भिंत पाडशील."

"भिंत माझी आहे. ये."

"अगं, पण इंजिन मेलंय."

"बरंच आहे. पळून जाणार नाही."

ती आत चढली. स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं, जणू ते वाफेचं चाक आहे आणि घरभर स्फोट होणार आहे. छोटू पलीकडून येऊन बाजूला बसला. तिला पाय कुठे ठेवायचा ते दाखवलं. काच खाली होती, त्यामुळे आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"क्लच दाब. आता पहिला गिअर टाक."

"जात नाही."

"जातो."

"अरे, जात नाही! अडलाय!"

"ताई, जोर लावू नकोस," छोटू म्हणाला. त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि तिची मूठ सैल केली. "सगळीकडे जोर लावतेस तू. सोड. आपणहून जाईल तो."